तक्त्यात भरती 8 ची, मग 9 ला लाट कशी?

तुम्ही लिहिलंय, पुण्याच्या तलावात दीड किलोमीटर आरामात पोहता, सिडनीच्या समुद्रात शंभर मीटरवर दम लागतो. म्हणून न्यूकासलच्या मेरीवेदर तलावात, म्हणजे समुद्रालाच कठडा घालून केलेल्या तलावात गेलात, तर तक्त्याप्रमाणे भरती उतरून तास झालेला असताना लाटेनं कठड्यावरून लोळवलं. तुमची पोस्ट वाचून कपाळावर हात मारला. मीही इथेच फसले होते.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत इथली घड्याळं तासभर पुढे असतात. भरतीचे बरेच छापील तक्ते मात्र मूळ वेळेचेच. म्हणजे तक्त्यातली 8 ची भरती तुमच्या घड्याळात 9 ला. तुम्ही गेलात ते ऐन भरतीला! मला ज्या कार्यालयातून कागद मिळाला, त्यावर ही टीप मागच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होती. फोन केला तर उत्तर, ‘वेबसाइट बघा.’ असो.

दुसरी गफलत आपल्या मुंबईकर डोळ्यांची. साडेचार मीटरचं उधाण पाहिलेल्याला इथला 1.8 चा आकडा किरकोळ वाटतो. पण इथले कठडे इथल्याच भरतीच्या बेतानं बांधलेत, त्यामुळे लाट आत यायला अर्धा मीटर जास्त पाणीही पुरतं. शिवाय तक्त्यात लाटांची उंची धरलेली नसते, ती वेगळी बघायची. मोठ्या लाटा तीन-चारच्या घोळक्यानं येतात, मध्ये काही मिनिटं सगळं शांत. म्हणून उतरण्याआधी दहा मिनिटं नुसता समुद्राकडचा कठडा बघा. त्यावरून पाणी आत पडून परत बाहेर ओढलं जात असेल तर घरी जा. कठड्यावर शेवाळ असतं, तिथे उभं राहून फोटो काढणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

दमाचं म्हणाल तर 50 मीटरच्या तलावात एका किलोमीटरला 19 वेळा भिंतीला रेटा देता येतो. समुद्रात एकदाही नाही. तलावात भिंतीला पाय न लावता, अलीकडेच वळून पोहा. दर सात-आठ हातांनी पुढे बघायची सवय लावा. सप्टेंबरात पाणी 18 अंशांच्या आसपास असतं, तेव्हा पहिली दोन मिनिटं फक्त श्वास सावरा.

समुद्रात जीवरक्षकांच्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहा. फुटणाऱ्या लाटांमधला गडद, शांत पट्टा बघून भुलू नका, आत समुद्राकडे नेणारी ओढ तिथेच असते. मी जीवरक्षक नाही. त्यांनी नाही म्हटलं तर माझं हे सगळं विसरा.

आणि हो, सिडनीतल्या बाँडायचा आइसबर्ग्ज हा समुद्रकाठचा तलाव गुरुवारी सफाईसाठी बंद असतो. उगाच खेप घालू नका.