'दखल दिली' की 'दखल घेतली'? आणि यादवीत सैन्य पाठवलं तर त्याला म्हणायचं काय

प्रश्न असा आलाय की "श्रीलंकेच्या अंतर्गत यादवीत भारताने लष्करी दखल दिली" हे वाक्य बरोबर आहे का, नाहीतर हस्तक्षेप, ढवळाढवळ, मध्यस्थी यातलं काय बसेल.

आधी सोपं उरकतो. यादवी अंतर्गतच असते हो, प्रभासला यादव एरका गवताच्या मुसळांनी आपसातच मेले त्यावरून आलेला शब्द आहे, त्यामुळे 'अंतर्गत' उडवा.

आता दखल. मराठीत दखल घेतात, देत नाहीत. कोर्ट बातमीची दखल घेतं, पोलिसांच्या भाषेत दखलपात्र गुन्हा असतो, म्हणजे लक्ष घालणं, नोंद घेणं. 'दखल देणे' हे हिंदी चॅनलवरून उचललंय आणि त्याने अर्थ पार उलटा होतो. शेजारी कत्तल चाललीय तर दखल घ्यायलाच हवी, माझा विरोध आहे तो रणगाडे पाठवायला!

मध्यस्थी म्हणाल तर तिला भांडणाऱ्या दोघांचीही मान्यता लागते. २९ जुलै १९८७ च्या कोलंबो करारावर सह्या राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांच्या, म्हणजे दोन सरकारांच्या, आणि ज्यांची शस्त्रं खाली ठेवायची होती त्या एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेची सहीच नाही. सैन्य गेलं 'शांतिसेना' या नावाने आणि ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन पवन सुरू होऊन जाफन्यात त्याच एलटीटीईशी गल्लोगल्ली लढत होतं, नागरिकही त्यात मेले. एकदा गोळी झाडली की मध्यस्थ संपला, तो पक्षकार झाला. मग ही मध्यस्थी कसली?

काहीजण म्हणतील तिथल्या सरकारनेच बोलावलं होतं मग हस्तक्षेप कसा. पण यादवीत सरकार हीसुद्धा एक बाजूच असते ना, आणि तेही कायमचं नसतं. पुढे प्रेमदासा अध्यक्ष झाले, त्यांनी १९८९ मध्ये चालते व्हा सांगितलं, वर भारतीय सैन्याशी लढायला एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथे तिसऱ्याचे बाराशेच्या आसपास जवान गेले. त्यातले महार रेजिमेंटच्या ८व्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन मुंबईत जन्मलेले, २५ नोव्हेंबर १९८७ ला छातीत गोळी लागलेली असताना लढत राहिले, मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्यांच्या शौर्याबद्दल कुणाचं दुमत नाही, पण त्यांना तिथे पाठवणं हे विकतचं दुखणं होतं असं माझं स्पष्ट मत. मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागतालासुद्धा गेले नाहीत.

तर बातमीत 'लष्करी हस्तक्षेप केला' लिहा, तो तटस्थ शब्द आहे. 'ढवळाढवळ'मध्ये नापसंती आधीच मिसळलेली असते, ती अग्रलेखात चालेल, मी तर तीच वापरेन.