पाचवा सर्व्हर जोडला आणि डेटाबेस गुदमरला

प्रश्न : आमच्या दुकानाच्या साइटसाठी मेमकॅश्डचे (डेटाबेसमधली माहिती झटपट मिळावी म्हणून तिची प्रत मेमरीत ठेवणारा प्रोग्राम) चार सर्व्हर आहेत. दिवाळीच्या गर्दीत पाचवा जोडला. साइट पळायला हवी होती, पण उलट डेटाबेसच गुदमरला. अर्ध्या तासाने घाबरून पाचवा काढला. साइट सावरली, पण काही ग्राहकांना जुन्या किमती दिसायला लागल्या. कुठली ‘की’ (साठवलेल्या माहितीचं नाव) कुठे ठेवली आहे हे मेमकॅश्डला कळत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही कळत, ताई. मेमकॅश्डचे सर्व्हर म्हणजे एकाच वाड्यात राहून एकमेकांशी न बोलणारे भाऊ. ब्रॅड फिट्झपॅट्रिकने 2003 मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटसाठी ते लिहिलं तेव्हापासून रीत हीच : की कुठे ठेवायची आणि कुठे शोधायची हे क्लायंट ठरवतो, म्हणजे तुमच्या कोडमधली लायब्ररी.

तुमची लायब्ररी बहुधा कीचा हॅश (तिच्या अक्षरांवरून मिळणारा एक आकडा) काढून त्याला सर्व्हरच्या संख्येने भागते आणि बाकी उरेल त्या सर्व्हरकडे जाते. हॅश 27 असेल तर चार सर्व्हर असताना बाकी 3, पाच झाले की बाकी 2. शाळेत शंभर मुलं, चार तुकड्या, रोल नंबरला चारने भागून तुकडी ठरलेली. पाचवी तुकडी उघडली तर शंभरातल्या ऐंशी मुलांना दप्तर उचलावं लागतं. तुमच्याकडेही ऐंशी टक्के की एका क्षणात ‘हरवल्या’ आणि सगळ्या चौकशा डेटाबेसवर आदळल्या.

जुन्या किमतींचं कोडंही यातच सुटतं. हरवलेल्या की पुसल्या गेल्या नव्हत्या, जुन्या जागी तशाच पडून होत्या. त्या अर्ध्या तासात बदललेल्या किमती नव्या जागी लिहिल्या गेल्या. पाचवा काढल्यावर लायब्ररी पुन्हा जुन्या जागी गेली आणि तिथली शिळी किंमत घेऊन आली.

यावरचा उपाय 1997 साली एमआयटीतल्या डेव्हिड कार्गर, डॅनी लेविन, टॉम लेटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला : कन्सिस्टंट हॅशिंग. (लेविन आणि लेटन यांनीच पुढे अकामाई ही कंपनी काढली.) यात भागाकार नाही. हॅशचे सगळे आकडे घड्याळाच्या तबकडीसारखे गोल मांडायचे, सर्व्हरही त्यांच्या नावाच्या हॅशनुसार त्याच गोलावर बसवायचे. की जिथे पडेल तिथून पुढे सरकत जो पहिला सर्व्हर भेटेल, तो तिचा. पाचवा आला तर फक्त त्याच्या वाट्याच्या, साधारण वीस टक्के की हलतात. एका सर्व्हरला एकच जागा दिली तर वाटणी फार वेडीवाकडी होते. म्हणून लास्ट-एफएम या संगीताच्या साइटच्या मंडळींनी लिहिलेली केटामा लायब्ररी प्रत्येकाला 160 जागा देते.

रेडिस हा अशाच कामाचा दुसरा प्रोग्राम. त्याच्या क्लस्टरची तऱ्हा वेगळी. तिथे 16384 खणं ठरलेली असतात आणि कुठलं खण कुणाकडे हे सर्व्हरना माहीत असतं. चुकीच्या दारात गेलात तर ‘मूव्ह्ड’ म्हणून खरा पत्ता मिळतो. मेमकॅश्डकडून ही अपेक्षा ठेवू नका.

केटामा लावून मीही तोंडघशी पडलो आहे. साइट पीएचपीत आणि रात्रीचं किंमत बदलण्याचं काम पायथनमध्ये. एका यादीत सर्व्हरची नावं, दुसऱ्या यादीत त्याच सर्व्हरचे आयपी, म्हणजे आकड्यांतले पत्ते. मशीन तीच, पण अक्षरं वेगळी म्हणून गोलावरच्या जागा वेगळ्या. पायथन एका सर्व्हरवरून की पुसायचं आणि पीएचपी दुसऱ्यावरून निवांत जुनी किंमत वाचायचं. दोन दिवस मी डेटाबेसला शिव्या घातल्या. शेवटी टेलनेटने (सर्व्हरशी थेट बोलण्याचं साधन) एकेका सर्व्हरच्या 11211 पोर्टवर जाऊन हाताने ‘गेट’ ही की वाचण्याची आज्ञा टाइप केली, तेव्हा एकच की दोन ठिकाणी सापडली, दोन वेगळ्या किमतींसह!

तेव्हा आधी सेटिंग बघा. पीएचपीच्या मेमकॅश्ड एक्स्टेन्शनमध्ये काही न सांगितल्यास भागाकाराचीच पद्धत असते. ‘लिबकेटामा कम्पॅटिबल’ हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. सर्व्हरची यादी सगळीकडे अक्षरन् अक्षर सारखी ठेवा. आणि ही अदलाबदल करतानाही एकदा बहुतेक की हलणारच, म्हणून ती पहाटे तीनला करा, आणि त्याआधी सगळ्या सर्व्हरवर ‘फ्लश ऑल’ मारून जुन्या की पुसून टाका.