पोलिसांआधी कोणाला बोलवायचं?

प्रश्न : आम्ही दांडिया बाजारात राहतो. धाकटा भाऊ ३४ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे. विसर्जनाच्या दिवशी डीजेने खिडक्या हादरल्या, तसा तो जिन्यात कान दाबून किंचाळायला लागला. खालच्या मजल्यावरून कुणीतरी पोलिसांना फोन केला. त्यांनी दंड धरला, याने हिसडा दिला. पुढचं लिहवत नाही. आता सगळे म्हणतात, कारेलीबागेतल्या मनोरुग्णालयात दाखल करा. काय करू?
– एक बहीण, बडोदा

उत्तर : ताई, दाखल करू नका. मनोरुग्णालयात ऑटिझमवर औषध नसतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि मानसिक आजार वेगवेगळे आहेत. हे शेजाऱ्यांना ठणकावून सांगा.

पोलिसांचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १०० आहे. मानसिक आजारी वाटणाऱ्या माणसाला संरक्षणात घेतलं तरी कोठडीत ठेवता येत नाही, २४ तासांत सरकारी दवाखान्यात न्यावं लागतं. पण तोवर दंड धरून झालेला असतो! म्हणून मला कायद्याइतकाच तुमचा जिना महत्त्वाचा वाटतो.

फोन करणाऱ्याला दुसरा नंबर ठाऊकच नसणार. तो आपण द्यायचा. अशा वेळी कोण जवळ आलेलं चालेल, हे भावालाच विचारा; बोलत नसेल तर फोटो दाखवा. त्यांतल्या दोघा-तिघांना तयार करा. मग मराठीत आणि गुजरातीत चार ओळी लिहा : हात लावू नका, गर्दी करू नका, प्रश्न विचारू नका, या नंबरांवर फोन करा. कागद प्रत्येक मजल्यावर द्या, ज्याने पोलीस बोलावले त्यालाही. (राग गिळून द्या.) चौकीतही एक प्रत द्या, सोबत त्याच्या दिव्यांग ओळखपत्राची झेरॉक्स.

हे माझ्या डोक्यातलं खूळ नव्हे. आपल्या मेहसाणा जिल्ह्यात ‘आत्मीयता’ उपक्रमात गावचीच माणसं शिकून मनाने खचलेल्यांना आधार देतात. अमेरिकेत युजीन शहरात १९८९पासून अशा फोनवर पोलिसांऐवजी प्रशिक्षित मदतनीसांची बिनहत्यारी जोडी जायची. २०२५मध्ये तिथली ती सेवा बंद पडली. म्हणून म्हणते, शेजारातली माणसं आधी जोडा.

आणि मंडळाला मिरवणुकीची वेळ आधी कळवायला सांगा. तेवढा वेळ भाऊ नातलगांकडे जाऊ शकेल, पण त्याला जायचं असेल तरच.