‘गुन्हा कबूल’ म्हणण्याआधी ते वळण बघून या

प्रश्न : ताई, माझी स्वतःची पिकअप आहे. आंब्याच्या दिवसांत राजापूर भागातल्या बागायतदारांच्या पेट्या घेऊन रात्री वाशी मार्केटला जातो. एप्रिलमध्ये मुंबई-गोवा महामार्गावरच्या निवळी घाटात माझ्या पुढे एक कंटेनर रखडत चालला होता. त्याच्या ड्रायव्हरने हात दाखवला म्हणून मी ओव्हरटेक केलं. दोन किलोमीटरवर पोलिसांनी थांबवलं. वळणावर ओव्हरटेक केलंस म्हणाले, कलम 184 लावतो म्हणाले, लायसन ठेवून घेतलं आणि पावती दिली. आता कोर्टाचं समन्स आलंय. गावातले म्हणतात, कबूल कर, दंड भर, एका दिवसात सुटशील. मेव्हणा म्हणतो, 14 दिवसांत घरी नोटीस आली नाही म्हणजे केस पडलीच. वळण संपल्यावरच मी गाडी बाहेर काढली होती. घर गाडीवरच चालतं. काय करू?
– एक पिकअप चालक, राजापूर तालुका

उत्तर : दादा, आधी तातडीचं सांगते. लायसनच्या बदल्यात मिळालेली पावती खिशात ठेवून तुम्ही अजून गाडी चालवत असाल, तर आजपासून थांबवा. पुष्कळ चालकांना वाटतं, पावती म्हणजेच लायसन. धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यात, म्हणजे तुमच्या त्या कलम 184 मध्ये, लायसन जप्त झालं असेल, तर ते परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 206 मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. सध्या दुसरा ड्रायव्हर बसवा. मध्ये काही झालं, तर विम्यापासून सगळंच अडकेल.

आता गाववाल्यांच्या सल्ल्याकडे येते. मी 27 वर्षं रत्नागिरी जिल्ह्यातल्या न्यायालयांत फौजदारी कामं करते आहे. ‘कबूल करून टाक’ हा सल्ला मी कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकते, आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं. कलम 184 म्हणजे हेल्मेटचा दंड नव्हे. गाडी चालवताना हातात मोबाईल धरला एवढंच असेल, तर तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवता येतं. बाकीचं 184 न्यायालयातच जातं. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा 1,000 ते 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा तसाच गुन्हा झाला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. वर्षातले इतके महिने रात्री महामार्गावर असणाऱ्या माणसाने पहिला शिक्का न केलेल्या गुन्ह्यासाठी का मारून घ्यायचा?

शिवाय ही लढाई दोन ठिकाणी असते, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. जप्त केलेलं लायसन पोलीस आरटीओकडे पाठवतात. तिथे कलम 19 खाली पहिल्या वेळी तीन महिने लायसन निलंबित होऊ शकतं, दुसऱ्या वेळी रद्दच. मात्र आदेश काढण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेणं त्यांना बंधनकारक आहे. तिथून पत्र आलं तर ते फळीवर टाकून ठेवू नका. लेखी म्हणणं द्या, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. आदेश विरुद्ध गेला, तर 30 दिवसांत अपील करता येतं. कोर्टात आज कबुली दिलीत, तर तिथे बोलायला तुमच्याकडे काय उरेल?

मेव्हण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. कलम 209 मध्ये 14 दिवसांची नोटीस आहे, 28 दिवसांत समन्सही आहे. पण त्याच कलमात पहिला पर्याय असा, की खटला भरण्याचा विचार होईल हे चालकाला त्याच वेळी सांगितलेलं असावं. तुम्हाला रस्त्यावरच थांबवून सांगितलं होतं. त्या मुद्द्यावर विसंबून राहू नका.

विसंबायचं ते जागेवर. कलम 184 चे शब्दच तसे आहेत : ती जागा कशी होती, रस्त्याची अवस्था काय, त्या वेळी रहदारी किती होती किंवा किती असणं अपेक्षित होतं, हे सगळं बघून चालवणं धोकादायक होतं का ते ठरतं. त्यामुळे मी अशा केसमध्ये अशिलाला घेऊन आधी जागेवर जाते. एकदा अशीच वळणावरच्या ओव्हरटेकची केस होती. साक्षीदार पोलिसाचं म्हणणं, चहाच्या टपरीजवळून मी पाहिलं. आम्ही टपरीपाशी उभे राहिलो, टेप लावला. तिथून वळण दिसतच नव्हतं, मध्ये डोंगराची उभी कापणी आणि तिच्या टोकाला फणसाचं झाड. अशिलाच्या मुलाने टपरीच्या बाकड्यावरून फोटो काढले, झाड, कापणी, सगळं एका चौकटीत. साक्ष निघेपर्यंत चौपदरीकरणात झाड गेलं, टपरी गेली, कापणीसुद्धा मागे सरकली. ते फोटो नसते, तर उलटतपासणीत मी नुसती बोलत राहिले असते. अशील निर्दोष सुटला.

म्हणून समन्सच्या तारखेची वाट न बघता उद्याच निवळी घाटात जा, दुसऱ्याच्या गाडीने. पाऊस सुरू झाला की दरड, गवत, डायव्हर्जन, सगळं बदलतं. ओव्हरटेक सुरू केलं ती जागा, संपवलं ती जागा, तिथून समोरचं किती दिसतं, मधली रेघ तुटक आहे की सलग, की पुसलीच गेली आहे, याचे दिवसाचे आणि रात्रीचेही फोटो काढा. पोलिसांनी थांबवलं तिथून त्या वळणापर्यंत नजर पोचते का बघा. दोन किलोमीटर म्हणता, तर ओव्हरटेक प्रत्यक्ष कुणी पाहिलं, हाच पहिला प्रश्न आहे. कंटेनरचा नंबर, त्याच्या ड्रायव्हरचा जबाब कागदांत आहे का? घटनास्थळाचा पंचनामा आहे का? या प्रती न्यायालयाकडून मागून घ्या. पेट्या भरल्याची वेळ असलेली बिल्टी, म्हणजे मालाची पावती, आणि फास्टॅगच्या नोंदी जपून ठेवा. गाडीत डॅशकॅम असेल, तर मेमरी कार्ड आजच काढून घ्या, नाहीतर पुढच्या फेरीत ते चित्रण पुसलं जाईल.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते, उत्तर मला नका पाठवू, स्वतःला द्या. वळण खरंच संपलं होतं का? कंटेनरवाल्याने हात दाखवला म्हणून समोरचा रस्ता मोकळा ठरत नाही. बघायचं तुम्हालाच होतं. याच महामार्गावरच्या अपघातांत गेलेल्या माणसांच्या बायकांची कामंही मी करते. भरपाईच्या अर्जावर सही करताना थरथरणारे त्यांचे हात मी पाहिलेत. तुम्ही अंदाजाने गाडी बाहेर काढली असेल, तर न्यायाधीशांसमोर तसं सांगा, आधीचा गुन्हा नाही हे सांगा, दंडावर सोडण्याची विनंती करा. मीही एका अशिलाला तसं करायला लावलं आहे, आणि त्याचा मला पस्तावा नाही. पण वळण संपलं होतं अशी खात्री असेल, तर ‘गुन्हा कबूल नाही’ एवढेच शब्द बोला. पुढे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षाची.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर त्याच न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना आणि ठरलेल्या मर्यादेत उत्पन्न असणाऱ्यांना मोफत वकील मिळतो.

आणि तारखेला साडेदहाच्या आत पोचा. केस पुकारली की शिपाई दारात येऊन नावाचा पुकारा करतो, दोन-तीन वेळा, फार थांबत नाही. त्या वेळी तुम्ही समोरच्या हॉटेलात चहा घेत बसलात, तर वॉरंट निघू शकतं. चहा नंतर घ्या.