मॉस्कोत आजच्या रशियन शिल्पकारांची माणसाकृती शिल्पं एका दिवसात कुठे पाहता येतील?

सरळ क्रिम्स्की वाल रस्त्यावरच्या मुझेऑन बागेत जा. नव्या त्रेत्याकोव्ह गॅलरीला लागूनच आहे. 1991 मध्ये लुब्यांका चौकातून उखडलेला, सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक झेर्झिन्स्की याचा पुतळा इथेच आणून ठेवलाय, त्यामुळे बहुतेक जण ‘पडलेल्या पुतळ्यांची बाग’ म्हणूनच येतात, फोटो काढतात आणि निघून जातात. तसं करू नका. सोव्हिएत शिल्पकार मेर्कुरोव्हने घडवलेल्या, नाक तुटलेल्या ग्रॅनाइटच्या स्टालिनपाशी थांबा. त्याच्या मागे जाळीआड दगडी मुंडकी रचलेली दिसतील. ते येवगेनी चुबारोव्हचं काम, स्टालिनच्या दडपशाहीत बळी पडलेल्यांसाठी. स्टालिनच्या पुतळ्यावर एक शब्दही न लिहिता त्याचा अर्थ उलटा करणारी ही मांडणी मला तरी बागेतली सर्वांत भेदक वाटते.

तिथून बोलोत्नाया चौक फार लांब नाही. मिखाइल शेम्याकिनचा 2001 चा शिल्पसमूह तिथे आहे: डोळ्यांवर पट्टी बांधून खेळणारी दोन मुलं आणि भोवती मोठ्यांचे 13 दुर्गुण, काहींची तोंडं चक्क जनावरांची. मधोमध उभा दुर्गुण म्हणजे उदासीनता. काहींना हे भडक वाटतं, आणि थोडं आहेच.

पीटर्सबर्गला जाणार असाल तर पीटर-पॉल किल्ल्यातला शेम्याकिनचाच बसलेला पीटर द ग्रेट (1991) चुकवू नका. धड अवाढव्य, डोकं इवलंसं, आणि लोकांच्या हातांनी बोटं देवळातल्या नंदीच्या पाठीसारखी चकाकलेली.