माझं मांजर बेसिनमध्ये, कपाटावर, ड्रॉवरमध्ये, नाहीतर भिंतीला डोकं टेकवून झोपतं. त्याला काही होत असेल का?

बेसिन, कपाट आणि ड्रॉवरची काळजी सोडून द्या. भिंतीचं तेवढं जरा नीट बघायला हवं, त्याबद्दल पुढे सांगते.

आमच्या बोक्याचं नाव बंडू. त्याच्यासाठी हौसेनं आणलेली गादी अजून कोरी करकरीत आहे. महाशय झोपतात ते इस्त्री केलेल्या कपड्यांच्या चळतीवर, राउटरला पाठ लावून, नाहीतर अर्धवट उघड्या ड्रॉवरमध्ये मोज्यांवर. यामागे बहुतेक वेळा ऊब असते. अंगातली उष्णता टिकवायला वेगळी शक्ती खर्चावी लागू नये, असं हवेचं तापमान मांजरासाठी साधारण ३० ते ३८ अंश सेल्सिअस असतं. म्हणजे आपण खोलीत मजेत बसलेलो असतो तेव्हा त्याला थोडं गारच वाटत असतं. म्हणून मग मुटकुळं करून, शेपूट नाकावर घेऊन झोपायचं. उकडायला लागलं की तेच मांजर पोटावरचे विरळ केस उघडे टाकून उताणं पसरतं, नाहीतर गारेगार बेसिन गाठतं. (उताणं पोट म्हणजे खाजवायचं आमंत्रण नव्हे. माझ्या मनगटावर पुरावे आहेत.)

दुसरं म्हणजे अंगाला चारी बाजूंनी लागणारी कड. नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यात नव्यानं आलेल्या १९ मांजरांपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकं मिळालेली मांजरं लवकर निवळली. हे संशोधन २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ च्या एका प्रयोगात तर जमिनीवर कागदाचे कापलेले गोल असे मांडले होते, की मध्ये नसलेला चौकोन भासावा. काही मांजरं त्या भासातही जाऊन बसली! तेव्हा तुमचं बेसिन म्हणजे चंगळच. आणि एवढ्याशा जागेत ते मावतं कसं, तर त्याची गळ्याजवळची हाडं दुसऱ्या हाडांना जोडलेली नसतात, नुसती स्नायूंत रुतलेली असतात. डोकं गेलं की बाकीचं अंग बहुधा मागोमाग जातंच.

कपाटावर काय, तिथून सगळं घर दिसतं आणि त्याला कुणी त्रास देत नाही.

आता भिंत. झोपेत भिंतीला, उशीला, तुमच्या पोटरीला डोकं टेकवणं वेगळं आणि जागेपणी, उभ्या उभ्या किंवा बसून, कोपऱ्यात डोकं दाबून धरणं वेगळं. हे दुसरं मेंदूच्या आजारात, विषबाधेत किंवा यकृत बिघडल्यावर दिसतं. तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

हे इतकं ठासून सांगते, कारण मी स्वतः फसले आहे. एकदा बंडू त्याच्या वाळूच्या ट्रेमध्येच बसून राहायला लागला. मला वाटलं, नवीन जागा सापडली स्वारीला. फोटो काढून बहिणीला पाठवलासुद्धा. संध्याकाळी लक्षात आलं की वाळू कोरडीच आहे आणि हा पुन्हा पुन्हा जोर करतोय. डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि म्हणाले, लघवी अडकली आहे. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, तिथे खडा किंवा चिकट गोळा अडकला की एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. नळी घालून मोकळं केलं, तीन दिवस दवाखान्यात ठेवलं. तो फोटो मला अजून बघवत नाही.

पाय पोटाखाली घेऊन मांजर निवांत बसतं तेव्हा चेहरा सैल असतो. दुखत असेल तर जवळपास तशीच बैठक, पण पाठ वर आलेली, डोकं खांद्यांच्या खाली झुकलेलं, डोळे बारीक, कान बाजूला पडलेले. मान ताणून, कोपरं अंगापासून लांब ठेवून बसलं असेल तर श्वास मोजा. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा कमी असायला हवेत. तोंड उघडून धापा टाकत असेल तर मोजत बसू नका, थेट निघा.

तुमचं मांजर पुन्हा भिंतीला डोकं लावून दिसलं की आधी डोळे मिटलेले आहेत का बघा. मग लांबूनच खाऊचा डबा वाजवा. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला वाटतं, झाकण उघडायच्या आत ते पायाशी हजर असेल.