पहिले किट विकायला काढण्यापूर्वी

आपले ५५५ टायमरवरचे (ठरावीक वेळाने चालू-बंद करणाऱ्या चिपवरचे) एलईडी लुकलुकणारे किट मी जोडून पाहिले. १ आणि ६८ किलोओहमचे रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर या मूल्यांना सेकंदाला साधारण एकदा उघडझाप होते, म्हणजे गणित बरोबर आहे. आता विक्रीआधी एक करावे: ज्याने सोल्डरिंग गन कधी हातात धरलेली नाही अशा कोणाला तरी ते जोडायला देऊन स्वतः गप्प बसावे आणि तो कुठे अडतो ते टिपून घ्यावे. रेझिस्टरवरच्या रंगीत पट्ट्यांत तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम आणि तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १० किलोओहम. पिवळ्या बल्बखाली लाल आणि नारिंगी यांतला फरक मलाही धड दिसत नाही, म्हणून रेझिस्टर ओहममधले मूल्य लिहिलेल्या कागदी पट्टीसकटच द्यावेत. आयसीसाठी (५५५ च्या चिपसाठी) सॉकेट, म्हणजे ती सोल्डर न करता बसवायची बैठक, द्यावेच. माझ्या पहिल्या २५ सर्किट बोर्डांवर इलेक्ट्रोलिटिक (अधिक-उणे बाजू असलेल्या) कपॅसिटरची अधिक (+) बाजूची खूण मीच उलट्या बाजूला छापून घेतली होती आणि प्रत्येक बोर्डावर मार्करने दुरुस्ती करत एक रविवार घालवला. तेव्हापासून मोठी ऑर्डर देण्याआधी मी पाचच बोर्ड मागवतो. किंमत ठरवताना सुटे भाग मोजून पाकिटे भरण्याचा वेळ धरायला मात्र विसरू नये, कारण खरा खर्च बहुधा तिथेच होतो.